महाडचा वीरेश्वर आणि दोन तळी

महाडला जाणारे बहुतेक जण थेट रायगडाची वाट धरतात. पण गावात थांबून ग्रामदैवत वीरेश्वराचं दर्शन घ्यायलाच हवं. हे शंकराचं जुनं देवस्थान, शेजारीच तळं. महाशिवरात्रीनंतर इथे छबिना भरतो. आसपासच्या गावांतल्या देवतांच्या पालख्या वीरेश्वराच्या भेटीला येतात, विन्हेऱ्याची झोलाईही येते. ढोल, सनई, उंच नाचवल्या जाणाऱ्या सासनकाठ्या! कोकणातला हा सोहळा एकदा तरी पाहावाच.

 

गावातलं दुसरं तळं म्हणजे चवदार तळं. अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी घेऊ देत नसत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला आलेले त्यांचे अनुयायी तिथलं पाणी प्यायले. त्यानंतर ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. वीरेश्वराचा इतिहास सांगताना हे गाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

महाडला गेलात तर दोन्ही तळी नक्की पाहा.