सोंगणीला जाताना अंग झाका

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी किंवा त्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही गावी वाचन ऐकायला बसलेल्या बायांचे हात एकदा नीट पाहावेत. निंदणाने बोटे काळी पडलेली, मनगटांवर ओरखडे आणि चाव्यांच्या गांधी. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने निंदण-खुरपणाचे आणि शेवटी सोयाबीनच्या सोंगणीचे. त्यातच अशोक विजयादशमी येते. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे तर गाडीभाडे लागते. ते बऱ्याच घरांत सोंगणीच्या गुत्त्यातूनच निघते. म्हणून अंगात कणकण असली तरी बाई विळा घेऊन निघते. काही चावले तरी “त्यात काय एवढं” म्हणून पात पुरी करते.

या ‘त्यात काय एवढं’मध्ये जीव जाऊ शकतो, म्हणून हा लेख.

आधी न दिसणाऱ्या शत्रूविषयी. गवतात, धुऱ्यावरच्या झुडपांत एका सूक्ष्म माइटची पिल्ले असतात. पहिल्या पावसानंतर दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा त्या माइटचाच नातलग. तो मात्र बिचारा निरुपद्रवी. ही पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. चावतात तेव्हा कळतही नाही. पण त्यांच्या चाव्यातून ‘स्क्रब टायफस’ नावाचा ताप होतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात, विशेषतः नागपूरकडे, याचे बरेच रुग्ण सापडले आणि काही दगावलेही. चावल्यावर साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके फुटल्यासारखे दुखते, अंग मोडून येते. आपण समजतो मलेरिया, नाही तर डेंग्यू. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली पडते. सगळ्यांनाच ती पडते असे नाही, पण पडली तर ती मोठी खूण. अडचण अशी की ही खपली काखेत, कमरेला, जांघेत, स्तनाखाली अशाच जागी असते. बाई लाजेने दाखवत नाही, डॉक्टर विचारत नाही आणि ताप अंगावर निघतो. वेळेत ओळखले तर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू काहीही धरते. भगिनींनो, तापात दवाखान्यात गेलात तर “मी गवतात कामाला जाते” हे आपणहून सांगा. घरी आई, सासू, बहीण यांच्याकडून अंग तपासून घ्या.

आता विंचू. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी लागली की तिच्याखाली गार, अंधारी जागा तयार होते. विंचू रात्रीचा प्राणी, दिवसा तो अशाच ठिकाणी दडतो. मळणीच्या दिवशी तळाच्या पेंढ्या उचलायला बाया उघडा हात घालतात आणि तिथेच घात होतो. तळाची पेंढी आधी काठीने किंवा दाताळ्याने उलटवावी, मग हात लावावा. एवढ्याने अर्धे संकट टळते.

विंचवात मोठा काळा विंचू दिसायला भयंकर; त्याच्या दंशाने माणूस कळवळतो, पण सहसा मरत नाही. लहानसर तांबडा विंचू खरा घातकी. मांत्रिकाचा धंदा नेमका इथे चालतो. काळ्याच्या वेदना काही तासांनी आपोआप उतरतात आणि श्रेय मंत्राला मिळते. तांबड्याच्या विषात मात्र पुष्कळदा ठणका सोसवण्याइतकाच असतो. मांत्रिक म्हणतो, “उतरला.” त्याच वेळी रोग्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. हे हृदयावर ताण आल्याचे लक्षण. पुढे फुप्फुसात पाणी भरते. लहान मुलांना तर फारच लवकर.

या रोगावर इलाज शोधला तो आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. आणि शोधला कुठे, तर महाडच्या परिसरात! प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी विंचूदंशाच्या रोग्यांना देऊन पाहिले. गंभीर रोग्यांत पूर्वी शंभरात तीसहून जास्त दगावत. ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे लेख आले, २०२२ साली पद्मश्री मिळाली. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरची लसही तयार होते. दोन्ही उपचार डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे. तेव्हा दंश झाला की चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. १०८ नंबर फिरवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

महाडचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९२७ च्या डिसेंबरात तिथल्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना लुगडे पायघोळ, अंगभर नेसायला सांगितले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे ही अस्पृश्यतेची खूण होती, ती त्यांनी पुसायला लावली. भगवंतांनी भिक्खूंना चीवर कशासाठी वापरायचे ते सांगितले, त्यातही थंडी-उन्हाबरोबर गोमाश्या, डास, सरपटणारे प्राणी यांपासून रक्षण हे कारण आहेच. मच्छरदाणीचीही अनुज्ञा विनयात आहे. मग सुडीच्या जागलीला जाणारा आपला माणूस उघड्या भुईवर का झोपतो? बाजेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

बाया साडीवर धन्याचा जुना फुल शर्ट घालतात, ते फार शहाणपणाचे. फक्त बाहीची बटणे लावा. साडीच्या आत पायजमा घालून तो मोज्यात खोचा. पायात बूट, डोक्याला रुमाल. हातमोजे मिळाले तर सोन्याहून पिवळे. उघड्या राहिलेल्या भागावर डास पळवणारे मलम चोळा. भाकर खायला बसताना गवतावर टेकू नका, पोते अंथरा. तान्हे मूल भुईवर नको, झोळीत ठेवा. घरी आल्यावर साबणाने अंग घासून धुवा आणि शेतातले कपडे वेगळे काढा. बूट पायात घालण्याआधी झटका.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. किडे पळावेत म्हणून फवारणीचे औषध अंगाला, कपड्याला लावणारे महाभाग आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे विसरू नका.

मधमाशी चावली तर काटा ताबडतोब नखाने खरवडून काढावा. आग्या मोहोळ उठले तर हात हलवत उभे न राहता तोंड झाकून पळावे आणि बंद जागा गाठावी. अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, तिथल्या कड्यांना आग्याची पोळी असतात. कोणतीही माशी चावून अंगभर पित्त उठले, ओठ सुजले, श्वास अडकला तर क्षणभरही थांबू नये. २०२२ साली घोणस अळीची फार भीती पसरली होती. ती जीव घेते ही अफवाच होती. तिचे केस चिकटपट्टीने काढावेत, गार पाण्याची पट्टी ठेवावी.

पंचशील घेतले, मग विंचू मारावा का? बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. घरात, लेकराच्या अंथरुणात निघालेल्या विंचवाचा विचार त्या कसोटीवर करावा. बांधावरच्या दगडाखालचा त्याच्या जागी राहू द्यावा.

राहता राहिला खर्च. बूट आणि हातमोजे मजुराने आपल्या रोजीतून का घ्यावेत? शेत मालकाचे, सुडी मालकाची. गुत्ता ठरवताना टोळीची मुकादमीण एकराचा भाव बोलते, वर चहा-पाण्याचेही बोलते. त्याच बोलणीत हातमोज्यांचे जोड आणि दंश झाल्यास दवाखान्यापर्यंतची गाडी, हेही बोलून घ्यावे. विळा हातात घेण्याआधी, पात धरण्याआधी.