नवी बोअर कुठे घ्यायची? आधी जुनी का आटली ते पाहा

एप्रिल उजाडला की अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आवारात बोअरचा पंप दहा मिनिटं पाणी देतो आणि मग नुसती हवा ओढू लागतो. झाडं सुकतात, मैदानावर धूळ उडते, टँकरची बिलं वाढतात. मग बैठकीत नवी बोअर घेण्याचा ठराव होतो. जागा ठरलेलीच असते: जुनीच्या शेजारी. तिथे वीज आहे, पाइपलाइन आहे, टाकीही जवळ आहे.

जुनी बोअर कशाने गेली, यावर ही जागा योग्य की अयोग्य ते ठरतं. केसिंग गंजून माती आत ढासळली असेल किंवा पंप खाली अडकला असेल, तर खडकातलं पाणी जागेवरच आहे आणि जवळची जागा चालू शकते. पण पाण्याची पातळीच खाली गेली असेल, तर शेजारची बोअर म्हणजे एकाच शहाळ्यात घातलेली दुसरी नळी. हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. पंप बंद करून पाणी किती फुटांवर आहे ते मोजायचं, ठरावीक वेळ उपसा करायचा आणि पातळी पुन्हा वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचं. ऑक्टोबर आणि मे महिन्यांतल्या अशा नोंदी वहीत असतील, तर अर्धं निदान तिथेच होतं. दुर्दैवाने अशी वही क्वचितच सापडते.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाच्या आसपास भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा घट्ट असतो, तर वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहतात. यालाच विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. पाणी असतं ते मुरमात, भेगांत, अशा सच्छिद्र खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका बोअरला दोन इंच पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरच्या दुसरीतून कोरडी भुकटी उडते. जास्त खोल म्हणजे जास्त पाणी, हेही खरं नाही. खोलवर भेगा सहसा कमी आणि आवळलेल्या असतात.

इथे पाणाड्या हटकून येतो. हातात वाय आकाराची फांदी किंवा तळहातावर नारळ. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ याची चाचणी झाली. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप जागा बदलून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने ती जागा सांगायची. 500 हून अधिक जणांतून निवडलेल्या 43 जणांच्या 843 चाचण्या घेतल्या गेल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यात काहींचं कौशल्य दिसलं. मात्र अमेरिकी शास्त्रज्ञ जे. टी. एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा ती निव्वळ अंदाजापेक्षा वेगळी निघाली नाही. तरीही पाणाड्याचं नाव होतं, कारण मुरमाच्या भागात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं आणि फसलेल्या बोअरची गोष्ट कुणी सांगत नाही.

भूवैज्ञानिक जमिनीत चार सळ्या रोवतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडून आतल्या दोहोंमधला दाब मोजतात. घट्ट कातळ विजेला जास्त अडवतो, ओला मुरूम कमी. मात्र चिकणमातीही कमीच अडवते. म्हणून निव्वळ आकड्यांवर जागा ठरवणं धोक्याचं. उतार, ओढ्याची दिशा आणि आसपासच्या विहिरींतलं पाणी त्यासोबत वाचावं लागतं.

आवाराला आणखी दोन प्रश्न सुटत नाहीत. एक सांडपाण्याचा. शोषखड्डे आणि सेप्टिक टँक यांच्यापासून दूर, शक्यतो उताराच्या वरच्या अंगाला जागा हवी. पाणी बागेसाठीच असलं, तरी मैदानावरची मुलं त्याच नळाला तोंड लावतात. भेगांच्या खडकात माती गाळते तसं पाणी गाळलं जात नाही. दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हा दंडक राज्यात 1993 च्या कायद्यापासून आहे. तो नसता, तरी गावाच्या आडातलं पाणी ओढून हिरवळ जगवणं शोभणारं नाही.

हिरवळीचा हिशेबही करून पाहावा. उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं, तर एका एकराला दिवसाला सुमारे 20 हजार लिटर लागतात. एवढं पाणी झाडांना ठिबकने दिलं, तर कितीतरी झाडं तगतील. काही ठिकाणी हा हिशेब मांडल्यावर नव्या बोअरची गरजच उरत नाही.

नवी घेतलीच, तर जुनी उघडी सोडू नये. उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये याबाबत निर्देश दिले. निकामी बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकावी. ती धडधाकट असेल, तर कुलूपबंद झाकण बसवून महिन्यातून एकदा पातळी मोजण्यासाठी ठेवता येते.