वंदनेतील स्वर आणि अर्थ

पालि गाथांना चाल लावावी की नाही, असा प्रश्न विहारांतून वारंवार विचारला जातो. विनयपिटकातील चुल्लवग्गात त्याचे उत्तर सापडते. छब्बग्गिय भिक्खू लांबविलेल्या गीतस्वरात धम्म गाऊ लागले, तेव्हा भगवंतांनी पाच दोष दाखवून ते निषिद्ध ठरविले. गाणारा स्वतःच्याच आवाजात रमतो, हा त्यांतील पहिला दोष. मात्र सरभञ्ञाला, म्हणजे सस्वर पठणाला, त्यांनी अनुमती दिली. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्ण यांनी अट्ठकवग्ग सस्वर म्हटला, तेव्हा भगवंतांनी त्यांची प्रशंसाच केली.

मग भेद कोणता? आम्हांस वाटते, सरभञ्ञात स्वर शब्दाच्या मात्रांमागून चालतो. गीतस्वरात शब्द चालीमागे फरफटतो. मंगलसुत्तातील 'बालानं' हे पद पाहावे. 'बाल' म्हणजे मूर्ख; त्यांची संगत टाळणे हे पहिले मंगल. चालीच्या ओघात 'बा' ऱ्हस्व झाला, की 'बलानं' होते आणि मूर्खांऐवजी बलच त्याज्य ठरते!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपणांस दिलेला धम्म समजून आचरण्याचा आहे. म्हणून चाल अवश्य असावी. परंतु दीर्घ तेथे दीर्घ, ऱ्हस्व तेथे ऱ्हस्व, हा नियम पाळूनच.