प्रवाळकुंडाचा सांडलेला उजेड

तापी नदीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले कामरेज आज सुरत शहराच्या वाढत्या वस्तीत मिसळत चालले आहे. येथून समुद्र फार दूर नाही. परंतु तापीच्या मुखाजवळचे पाणी गाळाने गढूळ झालेले असते आणि त्यात सूर्याचे किरण फार खोल उतरत नाहीत. प्रवाळभित्तीवर वाढणाऱ्या बहुतेक प्रवाळांना तर स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन लागते. गुजरातेत प्रवाळ पाहावयाचे झाल्यास कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूस नरारा अथवा पिरोटण येथे, ओहोटीची वेळ साधून जावे लागते. जे किनाऱ्यावर नाही ते घरात आणावे, ही मनुष्याची जुनीच हौस आहे. म्हणूनच समुद्रापासून दूर असलेल्या एखाद्या सदनिकेतही आज काचेचे खारे कुंड दिसते. त्यात मोजून मिसळलेले मीठ, तळाशी पांढरी वाळू, खडकांवर डोलणारे मऊ प्रवाळ आणि वर लटकणारा निळसर प्रखर दिवा, असा त्याचा थाट असतो.

कुंड पाहून पाहुणा हरखतो; घरच्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी असते. दोन खोल्यांच्या घरात एकाच दालनात अभ्यास, जेवण आणि निजणे चालते. दिव्याचा निळा उजेड भिंतीवर, छतावर आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत शिरतो. दहावीचा विद्यार्थी पुस्तक घेऊन पाठमोरा बसतो, आजोबा उशीवर पंचा ओढून घेतात आणि काही महिन्यांनी कुंड विकून टाकण्याची भाषा सुरू होते. वास्तविक या त्रासावर उपाय आहे आणि तो फारसा खर्चाचाही नाही. त्यासाठी उजेड नेमका कोठून सांडतो, एवढे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रवाळाला इतका उजेड कशाला हवा, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु प्रवाळभित्तीवर वाढणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल उजेडाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते व निळा प्रकाश खोलवर जाऊ देते. या निळ्या उजेडाचा उपयोग करून घेण्याची शक्ती त्या शैवालात असते. म्हणून अशा कुंडावर निळे दिवे लावतात. प्रखर निळा प्रकाश देणारा एलईडी १९९० नंतरच्या काही वर्षांत जपानमध्ये सिद्ध झाला. त्या कार्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळे प्रवाळकुंडाचा दिवा आटोपशीर झाला, तसाच डोळ्यांना बोचणाराही झाला.

आता उजेड सांडतो कोठून, ते पाहू. उजेड कुंडाच्या काचेतून बाहेर येतो, असा सर्वसाधारण समज आहे. आणि म्हणून काचेवर कागद चिकटविण्याचा खटाटोप केला जातो. परंतु शाळेत शिकविलेला प्रकाशाचा नियम येथे वेगळेच सांगतो. हवेतून पाण्यात शिरताना किरण उभ्या रेषेकडे वळतो. पाणी शांत असेल आणि किरण उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत तिरपा असेल, तर पाण्यात शिरल्यावर तो बाजूच्या उभ्या काचेवर अशा कोनाने आदळतो की त्याला बाहेर पडताच येत नाही. त्याचे पूर्ण परावर्तन होऊन तो पुन्हा पाण्यातच परततो. काच येथे आरशासारखे काम करते. काचेतून आपल्याला दिसतो तो वाळू, खडक व प्रवाळ यांच्यावरून विखुरलेला सौम्य उजेड. तोच तर कुंडाची शोभा होय. पाणी हलत असते, म्हणून थोडेबहुत किरण निसटतात हे खरे. पण खरी गळती तेथे नसते. ती असते दिवा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामधल्या मोकळ्या जागेत.

ही गळती किती, याचा हिशेब करता येतो. साठ सेंटीमीटर व्यासाचे एक गोल कुंड आहे आणि त्याच्या मध्यावर तीस सेंटीमीटर उंचीवर भिंग नसलेला एक लहान एलईडी दिवा टांगला आहे, असे समजा. अशा दिव्याचा उजेड सरळ खाली सर्वांत अधिक आणि बाजूंस कमी कमी होत जातो. तरीही त्याचा निम्मा उजेड पाण्यात न पडता कुंडाबाहेर जातो. तोच दिवा वीस सेंटीमीटरवर आणला तर सुमारे ६९ टक्के उजेड पाण्यावर पडतो आणि पंधरा सेंटीमीटरवर आणला तर ८० टक्के पडतो. तात्पर्य, उंच टांगलेल्या दिव्याच्या विजेचे निम्मे पैसे भिंतीवर खर्च होतात आणि घरच्यांना त्रास होतो तो वेगळाच.

जुन्या सार्वजनिक मत्स्यालयांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. अशा मत्स्यालयांत प्रेक्षकांची वाट अंधारी ठेवतात, दिवे भिंतीआड असतात आणि प्रेक्षकाला दिसते ती फक्त उजळलेली काच. दिवा दिसू नये, पाणी दिसावे, हे तेथील सूत्र. घरात भिंत बांधता येत नाही. पण हेच सूत्र लहान प्रमाणात निश्चित पाळता येते.

पहिला उपाय दिवा खाली आणण्याचा. मात्र दिवा खाली आला की मध्यभागी उजेड तीव्र होतो आणि कडेला कमी पडतो. म्हणून त्याची शक्ती त्या प्रमाणात कमी करावी. कुंड लांबट असेल तर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे खाली लावणे अधिक चांगले. दुसरा उपाय भिंगाचा. काही दिव्यांवर १२० अंशांत उजेड पसरविणारी भिंगे असतात, तर काहींवर ९० अंशांची किंवा त्याहून अरुंद. दिवा उंचच ठेवणे भाग असेल, तर अरुंद भिंग निवडावे.

तिसरा आणि सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे दिव्याभोवती झालर लावणे. झालर किती खोल असावी, हे ठरविण्यास एक दोरी पुरे. कुंडाच्या ज्या काठाकडची झालर मोजावयाची असेल, त्या काठापासून सर्वांत दूर असलेल्या दिव्याच्या टोकाशी दोरीचे एक टोक धरावे आणि दुसरे त्या काठावर टेकवावे. झालरीची खालची कड या ताणलेल्या दोरीला स्पर्श करील इतकी ती खाली आली पाहिजे. दोरीच्या वरून जाणारा प्रत्येक किरण कुंडाबाहेर जाणारा असतो. तो झालरीने अडतो. मघाच्या उदाहरणात दिव्यापासून दहा सेंटीमीटरवर झालर लावली, तर तिची खोली दहा सेंटीमीटर ठेवावी लागेल. दिव्याला वजन झेपत नसेल, तर तशीच पट्टी कुंडाच्या काठावर उभी करावी. तिचा आणखी एक लाभ असा की उड्या मारणारे मासे बाहेर पडण्याचे प्रमाण कमी होते. पुढची पट्टी बिजागरीवर बसविली म्हणजे हात घालण्यास अडचण पडत नाही.

झालरीसाठी पांढरी फोम शीट किंवा ॲक्रिलिकची पट्टी चांगली. आतली बाजू पांढरी ठेवावी, म्हणजे अडलेला उजेड पाण्याकडे परत वळतो. बाहेरची बाजू काळी व बिनचकाकीची असावी. लोखंडाला खारी हवा महिनाभरात गंज चढविते. तांबे व पितळ तर कुंडाजवळ नकोतच, कारण पाण्यात उतरलेले अल्पसे तांबेही प्रवाळादी जीवांना विषासमान ठरते. झालर वरून झाकू नये. सुरतेकडचा उन्हाळा कडक असतो आणि दिव्याची उष्णता कोंडली तर दिवाही बिघडतो व पाणीही तापते. वर मोकळी वाट आणि शक्य असल्यास लहान पंखा ठेवावा. विजेची तार भिंतीतील जोडणीकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाशीच टपकते. घरात गळती-विद्युत तोडणारा स्विच असणेही आवश्यक आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. झालर बसविली, दिवा खाली आणला, की वाया जाणारा उजेड पाण्यात पडू लागतो. माणसाला तो बदल सुखाचा वाटतो. पण एकाएकी वाढलेल्या उजेडाने प्रवाळ पांढरे पडू शकते, आणि पाणी तापलेले असेल तर धोका अधिकच. म्हणून बदल करण्यापूर्वी दिव्याची शक्ती बरीच कमी करावी आणि दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी वाढवावी. पुष्कळदा असे दिसून येते की पूर्वीइतकी शक्ती पुन्हा लागतच नाही. तेवढी वीज बचत म्हणून पदरात पडते.

उजेड कोठे पडतो याइतकेच तो केव्हा बंद होतो, हेही महत्त्वाचे आहे. मनुष्याच्या डोळ्यांत पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींहून निराळ्या, दिवस-रात्रीची खूण शरीराला पटविणाऱ्या काही पेशी असतात. २००२ साली त्यांची ओळख पटली; आणि त्या निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात. रात्री दहा वाजता डोळ्यांत शिरणारा निळा उजेड शरीराला दिवसाचाच भास करून देतो व झोप लांबवितो. कुंडाला आठ-दहा तासांचा उजेड सामान्यतः पुरतो. तो वेळ-यंत्र लावून अशा रीतीने ठेवावा की घर निजण्यापूर्वी तास-दोन तास दिवा मंदावून विझेल.

प्रवाळालाही रात्रीची तितकीच गरज असते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातून काही ठराविक रात्री, पौर्णिमेनंतर, अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी बीजे सोडतात, असे १९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी पाहिले. चांदणे आणि त्यानंतरचा अंधार यांवरून ते काळ ओळखतात. किनाऱ्यावरील शहरांच्या दिव्यांमुळे ही घडी विस्कटते आणि बीजे सोडण्याची वेळ पौर्णिमेच्या दिशेने एक ते तीन दिवस सरकते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पौर्णिमेचे चांदणे म्हणजे एका लक्सच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उजेड. तेव्हा रात्रभर 'चांदण्याचा दिवा' म्हणून जो निळा प्रकाश ठेवतात, तो बहुधा चांदण्याच्या कितीतरी पट असतो. तो न ठेवलेलाच बरा.

शेवटी कायद्याची एक गोष्ट. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे पोवळे यांना भारताच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे; म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. कच्छच्या आखातातून आणलेला एक तुकडादेखील गुन्हा ठरतो. कुंड हौसेचे असले तरी त्यात केवळ कायद्याने मोकळे असलेलेच जीव ठेवावेत आणि विकणाऱ्याकडून त्याची खातरजमा करून घ्यावी.

कुंडातील जीव, शेजारी अभ्यास करणारे मूल आणि निजलेले वृद्ध हे सारे एकाच छपराखाली राहतात. प्रवाळाला दिवसा उजेड हवा आणि रात्री अंधार हवा. घरच्या माणसांचेही याहून वेगळे मागणे नाही. दोरीचा एक तुकडा, पांढरी पट्टी आणि वेळ-यंत्राची कळ एवढ्या साहित्यावर दोघांचीही सोय होते, आणि कुंड विकण्याची भाषा घरात पुन्हा निघत नाही.