हौसेचा कारभार

ज्या शहराचे नाव घेताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चादर उभी राहते, त्या सोलापूरच्या माणसांनी गिरणीचा भोंगा वाजून गेल्यावर हाती उरलेल्या तासांचे काय केले, हा प्रश्न मला तेथील कापडाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटत आला आहे. 1877 मध्ये येथे पहिली कापडगिरणी चालू झाली, तिच्यामागून आणखी आल्या, आणि मराठी, कानडी, तेलुगू व दखनी अशा चार भाषांत संसार करणाऱ्या या वस्तीला पाळीच्या वेळापत्रकाची सवय लागली. पाळी सुटल्यावरचा काळ थोडा, आणि तो घालवायला खोली तर त्याहून अपुरी. तेव्हा ज्यांना घरात जागा नव्हती त्यांनी तालमीत, देवळाच्या ओवरीत आणि चौकाच्या ओट्यावर आपली हौस मांडली, व तिला नियम, वर्गणी आणि हजेरी लावून एक प्रकारचा कारभारच उभा केला.

शुक्रवार पेठ ही या कारभाराची एक जुनी कचेरीच म्हणावी लागेल. येथील श्रद्धानंद समाजाचा गणपती सर्व सोलापुरात ‘आजोबा गणपती’ या नावाने ओळखला जातो, आणि समाजाची परंपरा त्याचा आरंभ 1885 मध्ये झाल्याचे सांगते. म्हणजे लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवाचा पुरस्कार केला त्याच्याही आठ-नऊ वर्षे आधी. पहिला मान कोणाचा या वादात पुणे आणि सोलापूर यांच्यापैकी कोणाच्याही बाजूने साक्ष देण्याची मला इच्छा नाही, कारण असल्या वादात साक्षीदाराचेच अधिक हाल होतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. येथे देव, व्यायाम आणि कला यांची खाती वेगळी काढलेली नाहीत. जो तरुण मूर्तीपुढे आरती धरतो, तोच मिरवणुकीत लेझीम खेळतो, आणि त्याचाच थोरला भाऊ पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी हिंडतो.

लेझीम ही सोलापूरची खरी हौस. गणेशचतुर्थीच्या काही आठवडे आधीपासून, रात्रीची जेवणे उरकल्यावर, निरनिराळ्या मंडळांचे संघ सरावाला उभे राहतात. लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना बांधलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या, एवढेच ते साधन. परंतु नवख्याच्या हाती ते आले म्हणजे पहिल्या घटकेत आवाज होतो तो तालाचा नव्हे, नुसत्या खुळखुळाटाचा. दांडा आणि साखळीची मूठ एकमेकांवर नेमक्या क्षणी आपटायची, तो क्षण हलगीच्या थापेशी जुळवायचा, आणि हे चालू असतानाच कमरेत वाकून, उसळून, दिशा बदलून शेजाऱ्याशी रांग राखायची. तेव्हा कुठे शंभर हातांतून एक आवाज निघतो. अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात, ते फुटतात, आणि त्यावर चिंधी गुंडाळून मुलगा दुसऱ्या रात्री पुन्हा रांगेत येतो. शिकवणाऱ्याला मानधन बहुधा मिळत नाही; मिळतो तो मिरवणुकीत पुढे चालून शिटी फुंकण्याचा अधिकार, आणि त्याच्यासाठी माणसे वर्षभराची रजा साठवून ठेवतात.

या खेळाला शिस्तीचे शास्त्र लाभले ते मात्र सोलापूरबाहेर. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांनी देशी व्यायामाला सांघिक कवायतीचे रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो वारसा वाढवला, आणि त्या मंडळाचे पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी त्याच सुमारास व्यायामज्ञानकोशाचे प्रचंड काम हाती घेतले. ‘चार आवाज’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ ही लेझमीच्या हातांची नावे त्या कवायती वळणाचीच खूण होत. शाळेच्या मैदानावर हे हात कोरडे वाटतात; पेठेत त्यांना हलगी भेटते आणि ते जिवंत होतात, असे माझे मत आहे, व कवायतमास्तरांनी त्याबद्दल मला क्षमा करावी.

हौसेला दप्तर लागते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये नोंदणी, ती नसेल तर उत्सवापुरती वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, मंडपासाठी महापालिकेचा परवाना, मिरवणुकीसाठी पोलिसांचा, ध्वनिक्षेपकाच्या वेळेची मर्यादा निराळी. आणि या सर्व अर्जांच्या नकला एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवणारा खजिनदार हा प्रत्येक मंडळातला सर्वांत कमी नाचणारा आणि सर्वांत आवश्यक इसम असतो. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून मिरवणूक काढणे त्यामानाने फार सोपे, कारण तेथे पैसा दिला की आवाज मिळतो. लेझमीत आवाज माणसांनाच काढावा लागतो, आणि माणसे जमवण्याला भाड्याचा दर नाही.

रंगभूमीची हौस याच मातीतली, पण तिला आश्रय निराळा मिळाला. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद 1905 पासूनची. तिच्या शाखा गावोगावी पसरल्या, त्यांत सोलापूरही आले. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्यस्पर्धा सहा दशकांहून अधिक काळ चालत आली आहे, आणि तिच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र सोलापूर हे आहे. 1931 च्या 12 जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांची आठवण राखणाऱ्या हुतात्मा स्मृती मंदिराचा रंगमंच या शहराच्या नाट्यवेडाला मिळाला आहे. येथल्याच ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत अतुल कुलकर्णी रंगमंचावर वावरू लागले. त्यांच्या कितीतरी आधी, शाळकरी वयातले जब्बार पटेल प्राध्यापक श्रीराम पुजारी यांच्या सोलापूरच्या घरी वाढले. त्या घरी थोर गवई येत, साहित्यिक उतरत, आणि पुढे ‘घाशीराम’ बसवणारा हा मुलगा ते सारे कानांनी व डोळ्यांनी टिपत असे. एका प्राध्यापकाच्या बैठकीने जे केले, ते करण्यास एखाद्या महामंडळाला कदाचित तीन समित्या नेमाव्या लागल्या असत्या.

यावरून शासनाने हात आखडावा असे मात्र मी म्हणणार नाही. स्पर्धेने हौशी मंडळींना जे दिले ते मुख्यतः पैशांत मोजता येत नाही. तिने एक तारीख दिली. रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळवा, अमुक दिवशी पडदा उघडा, परीक्षकांसमोर उभे राहा, या सक्तीवाचून बँकेतला कारकून, शाळेतला शिक्षक आणि यंत्रमागाच्या कारखान्यातला मुकादम सलग दोन महिने रात्री अकरापर्यंत संहिता घेऊन बसले नसते. निर्मितिखर्चाची रक्कम मिळते ती नेपथ्याच्या ट्रकभाड्यात आणि प्रकाशयोजनेच्या बिलात जिरून जाते. उरलेली तूट कलावंतच आपसांत वाटून घेतात. अधिक अनुदान हवे, हे गाऱ्हाणे रास्त आहेच. तथापि मला विचाराल तर त्याहून निकडीची गरज तालमीच्या जागेची आहे: शाळेचा रिकामा वर्ग, एखाद्या सभागृहाची मागली खोली, जिची किल्ली रात्री नऊनंतरही मिळू शकेल. नाट्यगृह प्रयोगाच्या एका रात्रीपुरते लागते, तालमीला साठ रात्री लागतात, आणि त्या साठ रात्रींची तजवीज कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

स्पर्धेचे निकाल लागून गेले की सोलापूरकर मोकळा होतो, असे समजण्याचे कारण नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. तीत सात नंदिध्वज नगरप्रदक्षिणेला निघतात, आणि ते उंच, जड काठ्यांचे ओझे कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणाऱ्या मानकऱ्यांचा सराव त्याआधी कित्येक दिवस सुरू झालेला असतो. बाराबंदी शिवून तयार ठेवावी लागते, खांदेपालटाची माणसे ठरवावी लागतात, आणि नाटकात ज्याने नुकतीच दाढी लावून म्हाताऱ्याची भूमिका केली असेल, त्याला पट्टा बांधून पहाटे सरावाला हजर व्हावे लागते.