मलप्पुरमचे शेजारी

2010 साली 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'ने 40 देशांची एक यादी केली. आयुष्याचा शेवटचा टप्पा कोणत्या देशात माणसाला त्यातल्या त्यात सुसह्य जातो, हे तिच्यात तपासलं होतं. पहिला क्रमांक ब्रिटनचा आणि चाळिसावा, म्हणजे अगदी तळाचा, आपला. पण त्याच अहवालात केरळची वेगळी नोंद होती. देशाच्या लोकसंख्येत जेमतेम 3 टक्के वाटा असलेलं हे राज्य देशातली दोन तृतीयांश पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं सुसह्य करणारी, सेवा एकटं देत होतं! सर्वांत मागे पडलेल्या वर्गात एखादं पोरगं बोर्डात यावं, तसाच हा प्रकार.

असं का? केरळात शिक्षण जास्त, दवाखाने जास्त, ही उत्तरं चटकन सुचतात. ती चूक नाहीत, पण पुरेशीही नाहीत. डॉक्टर काय, मुंबईतही ढिगाने आहेत. केरळात, त्यातही मलप्पुरम जिल्ह्यात, जे घडलं ते डॉक्टरांच्या संख्येवर अवलंबून नव्हतंच.

गोष्ट सुरू होते 1993 मध्ये, कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' काढली. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही दुखणं, धाप, मळमळ, जखमा आणि भीती यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे त्यांचं मुख्य शस्त्र. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत मोडतो, तरीही 1985च्या अमली पदार्थ कायद्यापायी इथल्याच कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणं मुश्कील झालं होतं. हा उफराटा न्याय बदलायला राजगोपाल यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. कायद्यात दुरुस्ती झाली ती थेट 2014 मध्ये.

कालिकतला मात्र त्याच्या कितीतरी आधी मॉर्फिन मिळू लागलं आणि डॉक्टरांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक अगदी साधी. ज्याला बस पकडून दवाखान्यात येता येतं, त्याला सर्वांत जास्त गरज नसते. ज्याला असते तो घरात, अंथरुणाला खिळलेला. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. दुखणं थांबलेला माणूससुद्धा सुखी दिसेना. पोराची शाळा सुटलेली, घरात तांदूळ नाही, बायको कित्येक दिवसांत उंबऱ्याबाहेर पडलेली नाही आणि शेजारी यायचे बंद झालेले. लंडनमध्ये 1967 साली मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स हेच सांगत आल्या होत्या. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचं, अशी सगळी दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात, असं त्यांचं निरीक्षण. डॉक्टरच्या पिशवीत त्यातल्या एकाचंच औषध असतं.

उरलेल्यांचं औषध कुणाकडे? 1999-2000च्या सुमारास मलप्पुरममध्ये याचं उत्तर मिळालं: गल्लीकडे. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. आठवड्यातले किमान दोन तास जो देईल त्याने यावं, सोळा तासांचे वर्ग करावेत, मग चार दिवस पथकाबरोबर घरोघर हिंडावं. आपापल्या भागातले रुग्ण शोधायचे त्यांनी आणि पैसा उभा करायचा तोही त्यांनीच, दुकानातल्या डब्यांतून, दरमहाच्या छोट्या वर्गण्यांतून, आखातात गेलेल्या गाववाल्यांकडून. या जाळ्याचं नाव 'नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर'. नर्स आणि डॉक्टर यात आहेत, पण त्यांना बोलावणारे आणि त्यांचा पगार भागवणारे शेजारी आहेत. आपल्याकडे नेहमी असतो त्याच्या बरोबर उलटा हा क्रम.

त्या सोळा तासांत शिकवतात काय, हे मला सर्वांत नवलाचं वाटतं. त्यातला बराच वेळ न करायच्या गोष्टींचा असतो. उभ्याने बोलायचं नाही. बसायचं, तेही रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर. 'कसं वाटतंय, बरं ना?' असं होकार घेऊनच सुटणारं विचारायचं नाही. 'कालची रात्र कशी गेली?' असं विचारायचं आणि मग गप्प राहायचं. 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही, कारण होणार नसतं आणि हे त्यालाही ठाऊक असतं. आपल्या मावशीच्या नणंदेला कोणत्या काढ्याने गुण आला हे तर मुळीच सांगायचं नाही. (आपल्याकडच्या समाचाराला जाणाऱ्यांपैकी किती जण या परीक्षेत पास होतील?) आणि दाराशीच घरचे कुजबुजतात, 'त्यांना काही सांगितलेलं नाही हं', तेव्हा काय करायचं, यावर बराच खल होतो. खोटं बोलायचं नाही, पण गौप्यस्फोटही करायचा नाही. त्या माणसाला किती जाणून घ्यायचंय ते त्याच्याकडूनच कळेपर्यंत ऐकत राहायचं.

औषध आणि सोबत एकमेकांत कशी मिसळतात, त्याचा एक नमुना. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची जखम बाहेर फुटते तेव्हा तिच्यात ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू माजतात आणि भयंकर दुर्गंधी सुटते. नातवंडं खोलीत येईनाशी होतात, जेवणाचं ताट दारातून सरकवलं जातं. यावरचा उपाय म्हणजे जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझोलची गोळी. काही रुपयांची. तिची पूड करून जखमेवर भुरभुरायची, रोज पट्टी बदलायची. काही दिवसांत वास ओसरतो आणि माणसं पुन्हा खोलीत यायला लागतात. कॅन्सर जिथल्या तिथे असतो, पण ताट आता हातात दिलं जातं. ही पूड घरच्यांना करायला शिकवणारा स्वयंसेवक फार्मसी शिकलेला असावा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, सोबत ही मनाच्या समाधानाची गोष्ट झाली, शरीराला तिचा काय पत्ता? तर शरीराला फार बारकाईने पत्ता असतो. आपल्या केसाळ त्वचेत, उदाहरणार्थ हाताच्या पाठीवर, काही मज्जातंतू असे आहेत की ते झटपट बातमी देण्याच्या कामाचेच नाहीत. इतर स्पर्शतंतू सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने निरोप पोहोचवतात, तर हे सेकंदाला जेमतेम मीटरभर. स्वीडनमधल्या संशोधकांनी केसाएवढ्या सुया माणसाच्या नसांत घालून त्यांचं बोलणं ऐकलं. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर, म्हणजे आई पाठीवरून हात फिरवते त्या गतीने त्वचा कुरवाळली, आणि तीही माणसाच्या कातडीइतक्या कोमट वस्तूने, तर हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात. त्याहून घाई केली की मंदावतात. हळुवार हाताची दखल घ्यायला देहात निराळी तारच ओढलेली आहे!

2006 मध्ये अमेरिकेत जेम्स कोन यांनी 16 विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि घोट्याला विजेचा झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतला भीतीचा कल्लोळ शांत झाला, संसार जितका सुखाचा तितका जास्त. यात अचंबा नाही. पण अनोळखी माणसाचा, चेहराही न दिसणाऱ्या माणसाचा हात धरल्यावरही थोडा का होईना, फरक पडला. अनोळखी स्वयंसेवकाच्या येण्याला देहाच्या भाषेत आधार आहे तो हा. सेवाग्रामला कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः मालीश करत. त्या काळी एमआरआय नव्हतं, पण ज्याला कुणी शिवत नाही त्याला आधी काय हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त माणसांची आकडेवारी एकत्र केली. गोतावळा घट्ट असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त निघाली. याचा अर्थ शेजाऱ्याने हात धरला की कॅन्सर पळतो, असा कुणी काढू नये. दर चार तासांनी द्यायची मॉर्फिनची मात्रा चुकवून नुसता हात धरून बसणं ही क्रूरता आहे. आणि स्वयंसेवक म्हणजे फुकटची नर्स, असं समजणारं सरकार किंवा कुटुंब या कल्पनेची वाटच लावेल. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, देशात पहिलं, आणि ग्रामपंचायतींमार्फत घरी जाणाऱ्या नर्सेस नेमल्या. ते योग्यच झालं. फक्त पगारी माणूस आला की गल्लीने 'आता ते त्यांचं काम' म्हणून हात झटकण्याचा धोका असतो, आणि तो मला नर्सच्या तुटवड्याइतकाच मोठा वाटतो.

आपल्या महाराष्ट्रात काय? देशातलं पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईतच, वांद्र्याला, 'शांती अवेदना' नावाने उघडलं, आणि गोव्यातही त्याची शाखा आहे. केरळपाठोपाठ महाराष्ट्रानेही धोरण केलं. पण हॉस्पिस ही इमारत असते, धोरण हा कागद असतो, आणि बहुतेक आजारी माणसं घरीच असतात. मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीला आणि पंचाहत्तरीची बायको ऐंशीच्या नवऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलते आहे, हे चित्र आता डोंबिवलीलाही आहे आणि सांगलीलाही. मात्र मलप्पुरमला जे नव्याने बांधावं लागलं ते आपल्याकडे आयतं आहे. वर्गणीसाठी प्रत्येक दार माहीत असलेली गणेश मंडळं, भजनी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ. कोणत्या मजल्यावर कोण अंथरुणाला आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या समाचाराला जाल तेव्हा शहाळं न्या किंवा नेऊ नका. घरच्या बाईला एवढंच म्हणा, 'वहिनी, तासभर मी बसतो इथे, तुम्ही बँकेत जाऊन या.' आणि सल्ला न देता तो तासभर बसा.