जितक्या वाटा, तितके घोडे

लेखमाला : सोबतीची जनावरं
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण बैलांच्या जाती पाहिल्या. माणदेशच्या उघड्या माळावरचा चपळ खिल्लार आणि सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तेलकट कातडीच्या जोरावर टिकणारा डांगी, यांत चांगला कोणता, असं जाणता शेतकरी विचारत नाही. तो विचारतो, रान कसलं आणि काम कसलं?

घोड्याची गोष्ट निघाली की हा शहाणपणा आपण विसरतो. मनात घोडा येतो तो उंचापुरा, तुकतुकीत, मानेची कमान करून उभा असलेला. त्याहून ठेंगणा दिसला की आपण म्हणतो, 'हे तर तट्टू!' 'भाडोत्री तट्टू' ही तर मराठीत चक्क शिवी झाली आहे. ज्या तट्टांच्या पाठीवर मराठ्यांचं राज्य उभं राहिलं, त्यांच्यावर हा अन्याय आहे. म्हणून आजचा लेख जातींची ओळख करून देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवणार आहे : जमीन, हवा आणि काम मिळून जात घडवतात. काम समजलं की उंची, कान, केस, चाल, सगळ्याचा अर्थ लागतो. आणि काम गेलं की जातीचेही दिवस भरत येतात.

उंची आणि स्वभाव

घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोकं सारखं वरखाली होतं. मान जिथे पाठीला मिळते तिथे, खोगिराच्या जरा पुढे, एक हाडाचा उंचवटा असतो. जमिनीपासून तिथपर्यंतचं माप ही घोड्याची उंची. ढोबळ नियम असा की ५८ इंचांच्या, म्हणजे सुमारे १४७ सेंटीमीटरच्या आतलं ते तट्टू आणि त्यावरचा घोडा. पण हा नियम माणसाच्या सोयीचा आहे. अरबी घोडा कधी कधी या रेषेच्या खाली भरतो, तरी त्याला कुणी तट्टू म्हणत नाही.

जगभरच्या जातींची आणखी एक वाटणी 'उष्ण रक्ताचे' आणि 'थंड रक्ताचे' अशी करतात. रक्ताच्या तापमानाशी तिचा संबंध नाही, ती स्वभावाची वाटणी आहे. अरबी घोडा उष्ण रक्ताचा : पातळ कातडी, रुंद कपाळ, नाकाकडे किंचित खोलगट उतरणारा चेहरा, पळताना उंच धरलेली शेपटी. वाळवंटातल्या लांब मजलांसाठी तो घडला, त्यामुळे दम त्याच्या अंगातच आहे. थंड रक्ताचं उदाहरण म्हणजे इंग्लंडचा शायर : घोट्यांभोवती केसांचे झुबके, वजन टनाच्या आसपास आणि स्वभाव शांत. नांगर आणि मालाच्या जड गाड्या ओढताना बिथरणारं जनावर परवडत नाही. या दोन टोकांच्या मिश्रणातून झालेल्या युरोपी जातींना 'कोमट रक्ताचे' म्हणतात, आणि आज उड्यांच्या स्पर्धांत बहुतेक त्याच दिसतात.

याच ब्रिटनच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर जेमतेम ४२ इंचांचं तट्टू आहे. १८४२ च्या कायद्याने कोळशाच्या खाणींत बायका आणि लहान मुलगे यांना कामाला लावायला बंदी आली आणि बुटक्या बोगद्यांतून कोळशाचे डबे ओढायला या तट्टांची मागणी वाढली. तिथे उंची हाच दोष ठरला असता.

शर्यतीचा घोडा

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड आपल्याला सर्वांत परिचित. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे त्याचे मूळपुरुष. आज जगातल्या कोणत्याही थरोब्रेडची बापाकडून वंशावळ लावत गेलं की ती या तिघांपैकी एकाशीच जाऊन थांबते. १७९१ पासून त्यांच्या वंशाची छापील वही ठेवली जाते.

लांब पाय, खोल छाती आणि पातळ कातडी : त्याचं सगळं शरीर वेगासाठी बेतलेलं आहे. त्याची किंमतही तो तसाच मोजतो. त्याला वेळेवर चंदी लागते, रोजचा खरारा लागतो, कोरडा तबेला लागतो. नडगीची बारीक हाडं वेगाच्या ताणाखाली दुखावतात. मैदानावरच्या त्या दोन मिनिटांसाठी तो अजोड आहे. पण कडब्यावर राहून दिवसाला वीस किलोमीटर बिऱ्हाड वाहायला त्याला सांगाल, तर तो आठवडाभरही टिकणार नाही.

कान टेकवणारे घोडे

आता आपल्या देशात येऊ. जोधपूर, बाडमेर, जालोरकडचा मारवाडी आणि सौराष्ट्राचा काठियावाडी या जाती लांबूनही ओळखता येतात त्या कानांवरून. दोन्ही कान आत वळलेले असतात आणि टवकारले की टोकं एकमेकांना जवळजवळ टेकतात. जगात इतरत्र असे कान सहसा दिसत नाहीत. काठियावाडी तुलनेने बेताच्या उंचीचा, त्याचं कपाळ रुंद आणि चेहरा नाकाशी निमुळता. मारवाडी त्याहून उंच, लांब मानेचा. मारवाडच्या राठोड राजांनी तो लढाईसाठी जोपासला. आज तो प्रदर्शनांत, वरातीत आणि भाल्याने खुंटी उचलण्याच्या खेळात दिसतो, तर काठियावाडी गुजरात पोलिसांच्या घोडदळात.

या भागाची दुसरी देणगी म्हणजे रवाल चाल. साधा घोडा दुडकत चालतो तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरपे पाय एकदम उचलले जातात. शरीर क्षणभर हवेत जातं आणि स्वाराला हिसका बसतो. रवाल चालीत एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात, पाठ फारशी उसळत नाही आणि स्वार तासन्‌तास बसू शकतो. वाळवंटात गावं दूर दूर असतात, तिथे ही चाल किती मोलाची असेल याची कल्पना करा. कच्छच्या कच्छी-सिंधी घोड्यातही ती आहे. त्याचे कान वळलेले असले तरी टोकं टेकत नाहीत, नाकाचा कणा बाकदार असतो, आणि उन्हाळ्याची काहिली व पाण्याची टंचाई तो निमूट सोसतो.

हिमालयातली तट्टं, मणिपूरचं पोलो

लडाखमधलं झांस्करी, हिमाचलातलं स्पिती आणि सिक्कीम-दार्जिलिंगकडचं भुतिया ही तिन्ही ठेंगणी, दणकट आणि दाट केसांची. तीन-चार हजार मीटरवर हवा विरळ आणि पायवाट हातभर रुंद. तिथे लांब पाय घसरतात, आखूड पाय ठरतात. स्पितीतली तट्टं डोंगर उतरून रामपूरच्या लवी जत्रेत विकायला आणण्याची रीत जुनी आहे.

मणिपुरी तट्टाची कहाणी वेगळी. तिथला 'सगोल कांगजेई' हा खेळ पाहून आसामातल्या चहामळ्यांचे इंग्रज तो शिकले, १८५९ मध्ये सिल्चरला क्लब निघाला आणि तिथून आजचं पोलो जगभर गेलं. चेंडूमागे धावता धावता जागच्या जागी गिरकी घ्यायची तर बुटकं, चपळ जनावरच हवं. पूर्वी पोलोत घोड्याच्या उंचीवर मर्यादा होती. पहिल्या महायुद्धानंतर ती उठली, मैदानात थरोब्रेडच्या रक्ताचे उंच घोडे आले आणि ज्याने खेळ दिला ते तट्टू मागे पडलं. चराईच्या पाणथळ जागाही आटत गेल्या, तसे कळप विरळ झाले. २०१६ मध्ये मणिपूर सरकारला त्याच्या जतनासाठी स्वतंत्र धोरण करावं लागलं.

आपलं भीमथडी

आणि आता घरचा विषय. थडी म्हणजे नदीकाठ. भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठची, पुणे-नगर-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातली ही तट्टं. मराठी घोडदळाची भिस्त यांच्यावर होती, म्हणून तर महाराष्ट्राच्या राज्यगीतातही त्यांचं नाव आलं.

घाटाखालच्या कोकणात दमट हवेने खूर मऊ पडतात आणि कुजतात. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस कमी, जमीन टणक, गवत आखूड पण कसदार. घोडा वाढवायला हा पट्टा बरा. चौल, गोवा अशा बंदरांतून शतकानुशतकं अरबी घोडे दख्खनेत उतरत होते. त्यांचं रक्त इथल्या काटक तट्टांत मिसळलं आणि दख्खनी घोडा, म्हणजेच भीमथडी, घडत गेला.

शिवकालीन पागेची रचना पाहिली की त्या काळच्या माणसांची घोड्यांबद्दलची जाण दिसते. ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि खूर : घोडा या दोन गोष्टींवर चालतो, हे ज्याने ओळखलं त्याने ही रचना केली. मोगलांच्या उंच तुर्की घोड्यांना धान्याची चंदी हवी, म्हणून फौजेमागे रसदीचा तांडा हवा. भीमथडीचं तट्टू वाटेतल्या गवतावर, मिळेल त्या कडब्यावर भागवून घेई, खडकाळ घाट चढे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार असे. मराठ्यांचा गनिमी कावा ज्या वेगावर उभा होता, त्या वेगाचं रहस्य निम्मं तरी या थोडक्यात भागणाऱ्या पोटात आहे. १७५८ मध्ये मराठे अटकेपर्यंत गेले ते घोड्यावरूनच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या आणि तट्टांचं मुख्य काम संपलं. इंग्रजी फौजेला उंच घोडे हवे होते. पुढे मोटारी आल्या. पुस्तकांतून भीमथडीचा उल्लेख भूतकाळात होऊ लागला.

मग ही जात वाचवली कुणी? धनगरांनी. पावसाळा सरला की त्यांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरती बिऱ्हाडं, देशावरून घाट उतरून कोकणाकडे निघतात. मेंढ्या घेऊन पुरुष रानातून जातात, आणि बायका बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन सडकेने. मी हा तांडा अनेकदा थांबून पाहिला आहे. एका घोडीच्या पाठीवर घोंगड्या, वाघरीची जाळी, पातेली, पिठाची पिशवी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या मधोमध सकाळीच जन्मलेलं कोकरू. शेजारून ट्रक हॉर्न वाजवत जातो, घोडी कान हलवते आणि पाऊल चुकत नाही. मागून शिंगरू येत असतं. मजल कशी मारायची हे ते आईच्या मागे चालत शिकतं.

२०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातल्या घोड्यांची ही आठवी अधिकृत जात. आधीच्या सात जातींची नावं वर येऊन गेली आहेत. नोंद झाली तरी रोजच्या वापराचं बळ मात्र अजून त्या वाड्यांकडूनच मिळतं आहे.

आज घोडा कुठे आहे?

२०१२ च्या पशुगणनेत भारतात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टं होती. २०१९ मध्ये ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ निम्मी. टांगे गेले, ओझ्याला टेम्पो आले.

तरी महाराष्ट्रात घोड्याचं काम पुरतं संपलेलं नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने माणसं आणि सामान घोड्यांवरूनही नेतात. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीपुढे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आलेले अश्व चालतात आणि रिंगणात एका अश्वाच्या पाठीवर स्वार नसतो, कारण ती जागा माउलींची. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. तिथे इंचांत उंची, कपाळावरचा भोवरा, पंचकल्याणी पाय आणि अबलख रंग यांवर सौदे होतात.

सर्वांत न दिसणारं काम मात्र सर्पदंशाच्या औषधाचं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. त्याचं शरीर विषाला उतारा तयार करतं, आणि ठरावीक अंतराने थोडं रक्त काढून त्यातल्या द्रवापासून प्रतिविष बनतं. पुण्याजवळ पिंपरीला औषधं बनवणाऱ्या हाफकिनचे घोडे हेच काम करतात. शिवारात फुरसं चावलेल्या माणसाला खेड्यातल्या दवाखान्यात मिळणारी बाटली घोड्याच्याच रक्तातून आलेली असते. इथे घोड्याची देहयष्टी कामाला येते : अंग मोठं, म्हणून त्याला फारसा त्रास न होता पुरेसं रक्त घेता येतं.

म्हणून 'सगळ्यात चांगली जात कोणती' या प्रश्नाला माझं उत्तर कामाच्या यादीनेच सुरू होतं. झांस्करची पायवाट असेल तर झांस्करी, जैसलमेरच्या वाळूत लांब मजल असेल तर रवाल चालीचा मारवाडी, दोन मिनिटांची शर्यत असेल तर थरोब्रेड. आणि रोज नव्या रानात चूल मांडायची असेल तर भीमथडी. एखादी जात टिकवायची तर तिची चित्रं आणि पुतळे पुरत नाहीत, तिच्या वाटेवर चराई राहिली पाहिजे आणि त्या वाटेने जाणाऱ्या माणसांना ती वाट परवडली पाहिजे.

संध्याकाळी वाडा उतरतो. घोडीच्या पाठीवरचं बिऱ्हाड खाली येतं, पुढच्या पायांना दोरीचा पायबंद पडतो आणि ती बांधावरचं गवत खुडू लागते. पाठीवर जिथे ओझं होतं तिथले केस घामाने चिकटलेले असतात. एखादी म्हातारी येते आणि चुलीला जाळ घालण्याआधी तिथून हात फिरवते.

(पुढील आठवड्यात : नालबंद – खूर, नाल आणि एका लोपत चाललेल्या कसबाची ओळख)